‘येशूसारखी प्रार्थना करा: ७ पायऱ्या’ या पोस्टला माझं उत्तर

ऐरोलीकर (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबईतल्या आपल्या बहुतेक ग्रुपवर ही पोस्ट फिरतेय, म्हणून सगळी पुन्हा टाकत नाही. सार एवढंच: पहाटे ४ ला उठा, दार लावून घ्या, तासभर बसा, आधी स्तुती, मग कबुली, मग मागणं, आणि सगळं स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या ६ व्या अध्यायातली ‘निरर्थक बडबड’. सातवी पायरी अशी की इतकं करूनही उत्तर आलं नाही, तर तुमच्या विश्वासात खोट आहे, ती शोधा. खाली लिहिलंय की येशूने हेच शिकवलं.

पहिल्या सहा पायऱ्या मी सोडून दिल्या असत्या. सातवी वाचून राहवलं नाही.

अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने काय केलं? हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख आणि मरण, टळू दे म्हणून मागितलं. पुन्हा गेला, पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द उच्चारले, असं मत्तय २६ सरळ सांगतो. प्याला टळला नाही. आता या पोस्टच्या हिशेबाने खोट कोणाच्या विश्वासात होती? ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे तो म्हणाला, पण आपल्याला काय हवंय ते त्याने लपवलं नाही. इब्री ५ मध्ये तर मोठा आक्रोश आणि अश्रू आहेत. येशूकडून मला शिकायचीय ती ही प्रार्थना. हवं ते तोंडावर मागायचं, आणि नकार आला तरी बापाशी बोलणं तोडायचं नाही.

पाठांतराचंही तेच. वधस्तंभावर श्वास पुरत नव्हता तेव्हा त्याच्या तोंडी स्तोत्र २२ आलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’. लूकमध्ये शेवटचे शब्द स्तोत्र ३१ चे आहेत. मरताना त्याने शतकानुशतकं लोकांच्या तोंडी असलेल्या ओळी धरल्या.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. मी लहानपणापासून तोतरा आहे. आमच्याकडे घरोघरच्या प्रार्थनेत साखळी प्रार्थना असते. गोल बसायचं आणि एकेकाने आपल्या शब्दांत बोलायचं. माझ्या आधी दोन माणसं उरली की तळहाताला घाम सुटतो. ‘प्रभू’मधला ‘प्र’ ओठांवर अडकतो, सतरंजीवर सगळे डोळे मिटून थांबलेले असतात, शेवटी कोणीतरी कनवाळूपणाने ‘आमेन’ म्हणून मला सोडवतं. एकदा एका पाहुण्या पास्टरांनी माझ्या जबड्यावर हात ठेवून ‘मुक्या आत्म्या, नीघ’ अशी आरोळी ठोकली होती. रविवारी मात्र सगळी मंडळी एका सुरात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते, तेव्हा मी आमेनपर्यंत अडखळत नाही. इतरांबरोबर एकत्र म्हणताना तोतऱ्या माणसाची जीभ बहुतेक मोकळी होते, वाचा-उपचार करणारं कोणीही सांगेल. ही प्रार्थना येशूने दिलेली आहे, मला पाठ आहे, आणि तिला बडबड म्हणणं मी ऐकून घेणार नाही.

पारसिक_पहाट

ब्रदर, तुमच्या दुःखाचा आदर आहे, पण एका पास्टरचा राग सगळ्या शिस्तीवर काढू नका. मार्क १:३५ मध्ये येशू मोठ्या पहाटे उठून अरण्यात गेला. हे खोटं आहे का?

आता पाठ केलेल्या प्रार्थनेचं माझ्याकडून ऐका. आमच्या घरी वडील रोज रात्री आम्हा पोरांना भिंतीशी उभं करून तीच प्रभूची प्रार्थना म्हणवून घ्यायचे. तोंडाला दारूचा भपकारा. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणून झालं की दहा मिनिटांत भाजीत मीठ जास्त म्हणून आईला मारायचे. ते शब्द मला पुढे कित्येक वर्षं तोंडात घेववत नव्हते. मी प्रार्थना शिकलो ती रबाळे एमआयडीसीत रात्रपाळीला. आमच्या ऑपरेटरने सांगितलं, देवाशी तुझ्या भाषेत बोल, शिव्या आल्या तरी चालतील. आजही पाळी सुटली की कळव्याला येऊन गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे उभा राहतो. समोर पारसिकचा डोंगर, खाली गाड्यांचा खडखडाट, कोणी ऐकत नाही. तिथे मी मोठ्याने बोलतो. हे माझ्याकडून काढून घेऊ नका.

ऐरोलीकर

काढून कोण घेतंय, दादा? तुमच्या गच्चीवर माझा आक्षेप नाही. तिचा नियम करून माझ्या छातीवर ठेवू नका, एवढंच.

पाळकपुत्र

मार्क १:३५ आहेच, पण लूक ६:१२ सुद्धा आहे, बारा शिष्य निवडायच्या आधी रात्रभर. मत्तय १४ मध्ये लोकांना निरोप देऊन संध्याकाळी एकटाच डोंगरावर. लाजराच्या कबरेपाशी तर चारचौघांत, आणि भोवतीच्या लोकांसाठी हे बोलतोय असं तो स्वतःच म्हणाला. एक वेळ, एक जागा, एक आवाज काढून दाखवा, मग पायऱ्या करा.

आणि ‘बडबड करू नका’ म्हटल्यावर अवघ्या दोन वचनांनी तो काय देतो? म्हणायची प्रार्थना! पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तकात ती दिवसातून ३ वेळा म्हणा असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या ख्रिस्ती लोकांना मत्तय ६ कळला नव्हता असं समजायचं का?

माजिवडेकरीण

‘बडबड’ हा शब्द आम्हा कॅथलिकांना उद्देशून आहे, हे कोणी उघड बोलत नाहीये म्हणून मी बोलते. रोख माळेवर, म्हणजे मण्यांवर त्याच त्याच प्रार्थना म्हणतात त्या रोझरीवर आहे. मे महिन्यात आमच्या गावठाणात क्रूसापाशी संध्याकाळी माळ म्हणतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या रस्त्यावर येतात, कामावरून परतलेली माणसं बॅग खांद्यावर ठेवूनच मागे उभी राहतात, शेवटी चणे वाटतात. टॉवर आले, अर्धी घरं गेली, तरी क्रूस आणि माळ आहे. माझी आजी लितानीला, म्हणजे संतांची नावं घेत म्हणायच्या प्रार्थनेला, ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) म्हणायची. लॅटिनचा एक शब्द तिला कळत नव्हता, पण आज कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे तिला पक्कं माहीत असायचं आणि ती माळ त्याच्यासाठी असायची.

शिष्यांनी विचारलं तेव्हासुद्धा ‘योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही शिकव’ असंच म्हणाले. म्हणजे गुरूने प्रार्थना द्यायची रीत तेव्हाही होती. ज्याच्या नावाचं आमचं तलावपाळीचं चर्च आहे, तोच हा बाप्तिस्मा करणारा योहान.

वारकरी_ठाणे

ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. तुकोबा एकांतासाठी भंडारा डोंगरावर जात आणि कीर्तनात सगळ्यांबरोबर तेच नाम घेत. आमच्याकडे या दोन गोष्टींत भांडण नाही.

पारसिक_पहाट

माउली, रामराम. पण इथे येशूच्या उदाहरणाची चर्चा चाललीय.

पाळकपुत्र

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूला तुकोबांच्या धाटणीच्या अभंगांतून आळवलं, ते आपण चर्चमध्ये डोळे मिटून गातो. तेव्हा तुकोबा चालतात, इथे का नाही?

नेरुळची_लेक

पुरुष मंडळींचं एकांतावर भांडण रंगलंय म्हणून विचारते. पहाटे ४ ला दार लावून बसायचं तर ५ चा डबा कोण करणार? त्याच मार्क १ मध्ये, आदल्याच दिवशी, शिमोनाच्या सासूचा ताप उतरला आणि ती उठून सगळ्यांची सेवा करायला लागली. संध्याकाळी अख्खं गाव दारात. दुसऱ्या दिवशी पहाटे येशू अरण्यात गेला, शिष्य त्याला शोधायला गेले. ती सासू कुठे प्रार्थना करत होती ते कोणी लिहिलेलं नाही. मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये करते. दार लावलं तर दोन मिनिटांत धाकटा ते बडवतो.

पारसिक_पहाट

सिस्टर, पाहुणचाराच्या कामावरून येशूकडे तक्रार करणारी मार्थाही हेच म्हणाली होती. लूक १०.

नेरुळची_लेक

मार्था माझ्या तोंडावर फेकू नका! लहानपणापासून प्रत्येक पास्टरने फेकलीय, आणि त्या प्रवचनानंतर जेवण आम्हीच वाढलंय. तुम्ही गच्चीवर असता तेव्हा तुमच्या घरी गॅस कोण पेटवतं?

आणि एकांत इतकाच प्रिय असेल तर तो आधी तुमच्या प्रार्थना ग्रुपवर पाळा. माझ्या धाकट्या बहिणीने मनाच्या आजाराची गोळी सुरू केली. लेडीज फेलोशिपमधल्या एकाच काकूंना विश्वासाने सांगितलं. संध्याकाळी ग्रुपवर ‘तातडीची प्रार्थना विनंती’ म्हणून नाव, एरिया, आजार, सगळं. वर हात जोडलेले इमोजी. त्याच ग्रुपमध्ये तिच्या ठरत आलेल्या स्थळाची आत्या होती. आठवड्यात त्यांचा निरोप आला, मुलाला सध्या लग्न करायचं नाही. बहीण आता चर्चलाच येत नाही. दार लावून घे असं येशूने सांगितलं, त्यात दुसऱ्याचं दारही आलं ना?

वाशी_वाचक

ताई, अगदी. माझ्या आईची बायोप्सी आम्हाला कळायच्या आधी गावच्या ग्रुपवर होती. मामाचा फोन आला, ‘गाठ कुठली निघाली?’ आम्ही तेव्हा लॅबच्या बाहेर बाकावर बसलो होतो.

माजिवडेकरीण

आमच्याकडे मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या आधी हेतू (कोणासाठी प्रार्थना करायची ते) वाचतात. ‘एका आजारी व्यक्तीसाठी’ एवढंच लिहून देता येतं. देवाला पत्ता ठाऊक असतो.

पारसिक_पहाट

सगळे ग्रुपवर तुटून पडलात, आता माझं ऐका. माझ्या मुलाला डेंग्यू झाला. रात्री साडेअकराला डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट लागतील. मी ग्रुपवर नाव, वॉर्ड, रक्तगट सगळं टाकलं. तासाभरात मुंब्रा, दिघा, विटावा, कुठून कुठून पोरं आली. एक जण तर मला ओळखतही नव्हता. मी ‘एका आजारी व्यक्तीसाठी’ असं लिहिलं असतं तर? आणि मार्क ५ काढा. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशूने गर्दीत सगळ्यांसमोर बोलायला लावलं. लपवू दिलं नाही.

नेरुळची_लेक

काढलाय मार्क ५. ‘मला कोण शिवलं’ असं त्याने विचारलं. आजाराचं नाव त्याने घेतलं नाही, ते तिने स्वतः पुढे येऊन सांगितलं. आणि त्याच अध्यायात, याइराची मुलगी मेली तेव्हा त्याच्या घरी येशूने काय केलं? रडणाऱ्या-ओरडणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढलं. आईबाप आणि तिघे शिष्य, बस. मुलगी उठल्यावर हे कोणाला कळू देऊ नका अशी ताकीद दिली. तुमचा मुलगा तुमचा होता, दादा, तुम्ही सांगितलंत. माझ्या बहिणीचं तिने सांगायचं होतं.

ऐरोलीकर

गेथशेमानेतही तेच. अकरा जण होते, पुढे नेले तिघे. ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ हे सांगितलं ते त्या तिघांना. म्हणजे एकट्याने सोसायचं असंही त्याने केलं नाही आणि सगळ्यांना सांगायचं असंही नाही. ते तिघेही झोपले, ते वेगळं. मला कोणी विचारलं की येशूकडून प्रार्थनेचं काय उचलू, तर मी म्हणेन, आधी तुझी दोन-तीन माणसं ठरव.

पारसिक_पहाट

याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलवा असं आहे.

पाळकपुत्र

आजाऱ्याने बोलवावं असं आहे. याकोब ५:१४. शेजारणीने बोलवावं असं नाही.

पारसिक_पहाट

बरं, हे धरलं. आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच आहे. आजच टाकतो, आपलं नाव आणि आजार ज्याने त्याने टाकायचा, दुसऱ्याचा टाकला तर मी काढणार. पण शिस्तीवर मी मागे हटणार नाही. वेळ ठरवली नाही तर माणूस प्रार्थना करत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

ऐरोलीकर

आणि सातवी पायरी? त्यावर तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत. तुमच्या मुलाच्या बाबतीत उत्तर आलं, देवाची कृपा. नसतं आलं तर?

पारसिक_पहाट

उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण ते मला टाळायचं होतं. बाजूच्या बेडवर मुंब्र्याचा एक पोरगा होता, माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याची आई रात्रभर जमिनीवर बसून दुआ मागत होती. माझ्यापेक्षा जास्त मागितलं असेल तिने. पहाटे तो गेला. तिने माझ्या मुलाच्या पायाला हात लावला आणि गेली. त्या बाईला विश्वासातली खोट शोध म्हणणारा माणूस मी नाही. ती पायरी मी वाचली होती आणि तरी पोस्ट पुढे पाठवली. आता पाठवणार नाही. पहिल्या सहा पाठवणार.

ऐरोलीकर

पाठवा. पाचवीवर, स्वतःच्याच शब्दांत म्हणा यावर, आपलं भांडण राहिलं.

पारसिक_पहाट

राहिलं. पण साखळी प्रार्थनेत ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याच्या हाताला हात लावून पुढे सरकवायचं, हे आमच्या घरच्या प्रार्थनेत मी सुरू करू शकतो. तुम्ही याल का ते माहीत नाही.

नेरुळची_लेक

आणि जेवण कोण वाढणार तेही त्याच दिवशी ठरवा.

माजिवडेकरीण

सगळ्यांचं सगळं मिटत आलं, पण ‘बडबड’ हा शब्द पहिल्या सहांतच आहे. तो असताना ती पोस्ट आमच्या गावठाणाच्या ग्रुपवर पाठवू नका. मी तिथे अ‍ॅडमिन आहे.