सामायिक डेटाबेसमधली फक्त आपली टेबलं: बॅकअप कसा घ्यावा?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या मंडळाचं वाचनालय आहे, पुस्तकं आणि देवघेव मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. घोळ असा की होस्टिंगवर डेटाबेस एकच आहे आणि त्यातच दुसऱ्या संस्थेच्या वधूवर सूचक विभागाची टेबलं. आमच्या टेबलांच्या नावाआधी 'वाच_' लावलंय. सगळाच बॅकअप घेतला तर लोकांच्या पत्रिका नि फोन नंबर माझ्या लॅपटॉपवर येतात, ते बरं दिसत नाही. रोज रात्री फक्त आमचं कसं काढावं? एसएसएच (सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवायची सोय) आहे, रूट म्हणजे सर्व्हरचे पूर्ण अधिकार अर्थातच नाहीत.

पोहेजिलेबी
दादा, मायएसक्यूएलडंप, म्हणजे मायएसक्यूएलचीच बॅकअप काढायची आज्ञा. डेटाबेसच्या नावानंतर टेबलांची नावं लिहीत जा, तेवढीच येतात. 'डेटाबेसेस' हा पर्याय तेवढा लावू नका, नाहीतर पुढची सगळी नावं तो डेटाबेसची समजतो.

रामबागकर
पण नवं टेबल झालं की यादीत घालायचं राहणारच. 'वाच_' ने सुरू होणारी सगळी, असं सांगता येत नाही?

दांडियाबाजार_बडोदा
डंपला नाही सांगता येत. आधी इन्फर्मेशन स्कीमातून (टेबलांची यादी मायएसक्यूएल तिथेच ठेवतं) नावं काढायची, मग ती डंपला द्यायची, छोटी स्क्रिप्ट पुरते. तिथे एक गंमत आहे: 'लाइक'मध्ये, म्हणजे नमुन्याशी नाव जुळवताना, अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि % म्हणजे कितीही. 'वाच_%' लिहिलंत आणि शेजाऱ्यांनी उद्या 'वाचनवर्ग' टेबल काढलं, तर तेही तुमच्या फायलीत. अंडरस्कोरआधी बॅकस्लॅश हवाच.

टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' लावा, म्हणजे सगळी एकाच क्षणाची मिळतात आणि कुणी अडकत नाही. मायआयसॅम या जुन्या प्रकाराला त्याचा उपयोग नाही. 'प्रोसेस' अधिकार नाही म्हणून कुरकुर आली तर 'नो टेबलस्पेसेस' जोडा, मायएसक्यूएलच्या 5.7.31 आणि 8.0.21 या आवृत्त्यांपासून हे सुरू झालंय.

आता खरा प्रश्न. देवघेवीच्या टेबलात सभासद क्रमांक असेल, तो कुठल्या टेबलातला?

रामबागकर
लॉगिनचं टेबल दोघांचं एकच आहे. त्याला 'वाच_' नाही.

दांडियाबाजार_बडोदा
मग तुमचा बॅकअप अर्धाच. आणि तो रिस्टोर करताना तक्रारही येणार नाही, कारण डंपची फाइल फॉरेन की (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, हा नियम) तपासणं स्वतःच बंद करते. पुस्तक कुणाकडे आहे ते दिसेल, फक्त क्रमांकात, माणूस गायब. लॉगिनसाठी वेगळी आज्ञा द्या आणि 'व्हेअर'ने फक्त तुमच्या सभासदांच्या ओळी घ्या. एकाच आज्ञेत घातलंत तर ती अट सगळ्याच टेबलांना लागते. त्यानं ओळी निवडता येतात, रकाने नाही. पासवर्डचा रकाना नको असेल तर साधी सिलेक्ट क्वेरी चालवून निकाल फायलीत घ्या.

पोहेजिलेबी
आणि ही लॉगिनची फाइल चालू डेटाबेसवर कधीच ओतू नका! डंपमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल' असतं. तुमच्या ओळी परत येतील, वधूवरवाल्यांचे सगळे सभासद उडतील, आणि मग गणपतीत आरतीला समोरासमोर उभं राहायचंय. आधी लॅपटॉपवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडून बघा, लागेल तेवढंच तिथून न्या.

रामबागकर
लॉगिन वेगळं काढतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) पासवर्ड आज्ञेतच लिहिला तर चालेल?

दांडियाबाजार_बडोदा
नको, सामायिक सर्व्हर आहे, आज्ञा इतरांनाही दिसू शकते. होम फोल्डरमधल्या मायएसक्यूएलच्या कॉन्फिग फायलीत ठेवा, परवानगी 600, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल.