मदत हवी: आमचे नालाबांध ओडिशात गेले, आणि जीआयएसच्या क्लासला ६५ हजार भरू का?

बांधावरची

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होते बरीच वर्षं, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत पाणलोटाचं काम करते. भूगोल घेऊन बीए झालं, पण कॉलेजात नकाशा म्हणजे ट्रेसिंग पेपर आणि रंगीत पेन्सिली, त्यापुढे गाडी गेली नाही. मागच्या वर्षी ऑफिसात "तू भूगोलवाली ना, मग हे बघ" असं म्हणून क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर, या कामालाच जीआयएस म्हणतात) माझ्या गळ्यात पडलं. व्हिडिओ बघून, ठेचा खात इथवर आले.

आता प्रसंग सांगते. दोन टापूंत आमची कामं आहेत, एक यवतमाळ तालुक्यात आणि एक दिग्रसकडे. मिळून ३१ बांधकामं: सिमेंट नालाबांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेले बांध), काही शेततळी. एका सर्व्हेवाल्याकडून मोजून घेतली. त्यानं कॅडच्या (संगणकावरच्या ड्रॉइंगच्या) दोन फायली दिल्या आणि फोन उचलणं बंद केलं. मी त्या उघडल्या, सीआरएस (फाईलमधले आकडे कुठल्या मोजमाप-पद्धतीतले ते) विचारलं तेव्हा ऑफिसच्या जुन्या वर्ध्याच्या कामात होतं तेच टाकलं (ईपीएसजी ३२६४४ हा कोड), खाली उपग्रहाचं चित्र लावलं. यवतमाळचे १९ ठिपके बरोब्बर नाल्यावर बसले. इतका आनंद झाला की दुसरी फाईल नीट बघितलीच नाही. बैठकीत निधीवाल्यांसमोर "सगळी कामं एकत्र दाखवा" म्हणाले, मी 'झूम फुल' दाबलं, तर नकाशा मागे मागे जात राहिला आणि दिग्रसचे १२ बांध ओडिशात, कालाहंडीच्या बाजूला, डोंगरात. एक साहेब म्हणाले, "तिकडंही काम सुरू केलं का तुम्ही?" काय सांगू बाप्पा.

तर प्रश्न असे.

बांध परत कसे आणू? हातानं ओढून जागेवर ठेवले तर चालेल का? (एक करून पाहिला. लाज वाटली म्हणून थांबले.)

गावांची यादी जोडली की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. काही ठिकाणी तर नावं अर्धीच जुळतात.

निधीवाल्यांना हवंय की बांधांमुळे रब्बीचं क्षेत्र किती वाढलं ते "सॅटेलाइटवरून" दाखवा. जमतं का हे?

आणि मुख्य. पुण्यातल्या एका खासगी क्लासचा फोन येतोय. तीन महिने, ६५ हजार, "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स". माझा पगार बघता हे पैसे म्हणजे घरी चर्चेचा विषय आहे. भरू का?

अक्षांश_रेखांश

ताई, आधी तो हातानं ओढलेला बांध अनडू करा. बाकी सगळं सांगतो.

दिग्रसच्या फाईलमधला कुठलाही एक ठिपका निवडा आणि त्याचा एक्सचा आकडा इथे टाका. ७ नं सुरू होतो की १ नं?

बांधावरची

७,८४,२१०. आणि वाय २२ लाख २४ हजारच्या आसपास. यवतमाळवाल्याचा एक्स १,९९,००० च्या घरात आहे.

अक्षांश_रेखांश

मग झालं, चोर सापडला. यूटीएम या मोजमाप-पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३ वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४ वा. तुमचा जिल्हा पडतो नेमका शिवेवर, ७८ चं रेखावृत्त त्यातून आरपार जातं. यवतमाळ शहर त्याच्या पूर्वेला, दिग्रस पश्चिमेला. सर्व्हेवाल्याच्या यंत्रानं जिथे उभं आहे तिथला पट्टा आपोआप धरला असणार. प्रत्येक पट्ट्यात एक्सची मोजणी नव्यानं सुरू होते आणि मधल्या रेषेला ५ लाख धरतात. म्हणून दिग्रस ४३ मध्ये उजव्या कडेला, ७ लाख ८४ हजारांवर, आणि तिथून जेमतेम ५० किलोमीटरवरचं यवतमाळ ४४ मध्ये डाव्या कडेला, २ लाखांच्या आत. तुम्ही ४३ चे आकडे ४४ चे म्हणून वाचले, बांध सहा अंश पूर्वेला सरकले. तिथे ओडिशाच येतं.

उपाय दोन मिनिटांचा. दिग्रसच्या लेयरवर उजवी टिचकी, 'सेट लेयर सीआरएस', ३२६४३ द्या (हा ४३ व्या पट्ट्याचा कोड, ३२६४४ हा ४४ व्याचा). बांध घरी येतील. मग 'एक्सपोर्ट' करून नवी फाईल ३२६४४ मध्ये काढा आणि दोन्ही लेयर मर्ज करा. हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि दहातले आठ जण इथेच फसतात. 'सेट' म्हणजे फाईलला तिची खरी जात सांगणं, त्यात आकडा बदलत नाही. 'एक्सपोर्ट' म्हणजे आकडेच नव्या मापात लिहून काढणं. खोटी जात सांगून एक्सपोर्ट केलंत तर चूक कायमची कोरली जाते.

दिग्रस ४४ मध्ये ओढलं तर चूक येते का? येते, किलोमीटरमागे साधारण एक मीटर. तुमच्या कामाला हरकत नाही.

शेवग्याचीशेंग

+१. आमच्या ऑफिसात एकानं ४३२६ वर (अक्षांश-रेखांशाचं सीआरएस) असताना विहिरींभोवती १०० मीटरचा बफर (ठरावीक अंतराचा घेर) काढला होता. ४३२६ मध्ये एकक अंश असतं. १०० अंशांचा बफर! एका विहिरीत अर्धी पृथ्वी.

बांधावरची

आले!! बारा का बारा नाल्यात येऊन बसले. देव तुमचं भलं करो. मी चार रात्री यावर घालवल्यात.

कोरडवाहू

नावांचं सांगतो, माझा हातखंडा विषय. दुर्दैवानं.

यादी कुठून आली? तहसील, पंचायत समिती वगैरेकडून जुनी एक्सेल आली असेल तर बऱ्याचदा ती युनिकोडमध्ये नसतेच. वर मराठी दिसतं, पण तो फाँट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तसं असेल तर आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. युनिकोड असेल तर सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा.

दुसरं, शेपफाईल (नकाशा साठवायची जुनी, चार तुकड्यांची पद्धत) सोडा. तिच्या डीबीएफमध्ये, म्हणजे तक्त्याच्या तुकड्यात, रकान्याचं नाव दहा बाइटचं. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे "गावाचे नाव" या रकान्याचं "गाव" एवढंच उरतं, आणि तेही नशीब चांगलं म्हणून. त्याऐवजी जिओपॅकेज ही नवी पद्धत वापरा. एकच फाईल, मराठी व्यवस्थित, आणि मेलवर पाठवताना चार तुकड्यांतला एक विसरला ही भानगड नाही.

तिसरं, नावावर जोडूच नका. एका तालुक्यात दोन पिंपळगाव, त्यात एक खुर्द, एक बुद्रुक. कोणी "बु." लिहितं, कोणी "बु॥", कोणी "बुद्रूक" दीर्घ. संगणकाला ही तीन वेगळी गावं. २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गाव-कोड असतो, त्यावर जोडा. तोही रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

गुणाकारबुक

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त. या बाईंचं कौतुक वाटलं म्हणून लिहितो.

तुमचे ठिपके नाल्यात बसले हे छान. आता तुम्हाला मोह होईल की महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गट नकाशा घ्यावा, उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवावा आणि बांध कोणाच्या गटात आहे ते अहवालात लिहावं. नियोजनासाठी करा. पण त्यावरून शेतकऱ्याला "तुमच्या हद्दीत आहे" असं सांगू नका, गावात भांडण लागेल. ते नकाशे ज्या मोजणीवरून आले ती ३३ फुटांच्या साखळीची. साखळीचे १६ आणे, एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. त्या काळात कोणी अक्षांश-रेखांश घेतले नव्हते. टिपण आणि गुणाकार बुक या मोजणीच्या जुन्या नोंदींतली मापं चोख असतात, पण कागद शंभर वर्षांत आकसतो, घडीवर फाटतो, नक्कल करताना रेघ सरकते. मी स्वतः एका गावात तोच नकाशा वरच्या कोपऱ्यात तंतोतंत आणि खालच्या कोपऱ्यात पंचवीस-तीस मीटर सरकलेला पाहिला आहे.

बसवायचाच तर जुन्या विहिरी, शिवेचे दगड, नाल्याची खडकातली वळणं असे न हलणारे दहा-बारा बिंदू घ्या आणि ते गावभर पसरलेले हवेत. रस्ते घेऊ नका, रस्ते हलतात. हद्दीला शेवटी मोजणी आणि क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), दुसरं काही नाही.

बांधावरची

काका, हे तर कोणत्याच व्हिडिओत नव्हतं. आणि खरंय, एका शेतकऱ्याला मी मोबाईल दाखवून तेच बोलून बसलेय. उद्या जाऊन निस्तरते.

कोरडवाहू

रब्बीचा प्रश्न राहिला. जमतं, पण जपून.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. काकांच्या साखळीएवढाच! २०१७ पासून जोडीचे दोन उपग्रह असल्यानं दर पाच दिवसांनी चित्र येतं. आठव्या बँडमधून (अवरक्त प्रकाश) चौथा (लाल) वजा करायचा, भागिले दोघांची बेरीज. हा एनडीव्हीआय, हिरवं असेल तिथे आकडा चढतो.

पण तुमच्याकडे जानेवारीचं चित्र घेऊ नका. जानेवारीत शेतात तूर असते, फरदडीची कपाशी उभी असते. ते सगळं हिरवं "रब्बी" म्हणून मोजलं जाईल आणि निधीवाले खूश होतील, पण आकडा खोटा असेल. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघा, तेव्हा बहुतेक गहू-हरभराच उरतो. शेतात फिरून चाळीसेक ठिकाणी "इथे काय आहे" हे टिपून आणा, त्यावर ताडून पाहा. आणि पाऊस जास्त झालेल्या वर्षाची दुष्काळी वर्षाशी तुलना नको. काम न झालेलं शेजारचं गाव बरोबर घ्या, तिथेही तेवढंच वाढलं असेल तर श्रेय पावसाचं.

उंचीच्या नकाशाचंही त्यात सांगून टाकतो. फुकटचा मिळतो तो बहुतेक ३० मीटरचा. एका ठिपक्यात जवळपास नऊ गुंठे. पाणलोटाची सीमा, मोठे ओढे काढायला उत्तम. समतल चर कुठे खणायचा ते त्यावरून ठरवू नका, तिथे लेव्हलच लावा.

नकाशेवाली_पुणे

क्लासबद्दल मी बोलते. भूगोलात एमएस्सी, बारा वर्षं याच धंद्यात.

पुण्यातलं बरंचसं जीआयएस काम म्हणजे परदेशी कंपन्यांच्या केबल, विजेचे खांब, गॅसच्या नळ्या स्क्रीनवर रेखत बसणं. "प्लेसमेंट" म्हणजे बहुतेकदा तिथली खुर्ची. कमीपणाचं नाही, मीही तिथूनच सुरुवात केली, पण तुम्ही आज जे करताय त्यापेक्षा ते खालचं काम आहे. त्यासाठी ६५ हजार? "असिस्टन्स" आणि "प्लेसमेंट" यांतला फरकही फोनवरच्या मुलीला विचारा.

मुलाखतीला येणाऱ्यांना मी एकच फाईल देते, सीआरएस काढून टाकलेली. कोर्स केलेले कितीतरी जण ती उघडून गप्प बसतात. तुम्हाला ते आता जन्मात अडणार नाही.

शिकायचंय तर आधी फुकटचं संपवा. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था, १९६६ पासून हेच शिकवते. तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात, प्रमाणपत्रही देतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे. क्यूजीआयएसचं स्वतःचं ट्रेनिंग मॅन्युअल आहे, कंटाळवाणं पण पक्कं. मग थोडं एसक्यूएल आणि जमलं तर पायथन. नागपूरला एमआरसॅक आहे, राज्याचंच सुदूर संवेदन केंद्र, तिथल्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा, तुम्हाला जवळही. पदवीचं वजन हवं असेल तर सीडॅक, सिंबायोसिस, विद्यापीठं यांचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम, पण तो वर्षा-दोन वर्षांचा निर्णय आहे.

तरी क्लासच करायचा वाटला तर त्यांना म्हणा, पैसे भरण्याआधी एक तास बसते, माझ्या दिग्रसच्या मूळ फायली आणते, तुमच्या सरांनी त्या समोर सोडवून दाखवाव्यात.

शेवग्याचीशेंग

आणि त्यांच्याकडचं आर्कजीआयएस (जीआयएसचं विकतचं सॉफ्टवेअर) लायसन्सचं आहे का हेही विचारा. फोन तिथेच कट होतो, अनुभव आहे.

बांधावरची

चार दिवसांनी येतेय, माफ करा. शेतात होते.

क्लासला फायलींचं विचारलं. "मॅडम, आधी ॲडमिशन घ्या, डाउट सेशन दर शनिवारी असतं." आयआयआरएसला नोंदणी केली. घरची चर्चा टळली.

गावं कोडवर जोडली, १४ पैकी १३ बसली. चौदावं यादीत दुसऱ्याच तालुक्यात आहे, तलाठ्यांना विचारतेय. त्या शेतकऱ्याकडे जाऊन आले. मोबाईलवरचं खरं मानू नका म्हटलं, तर म्हणाले, "मी कुठं मानलं होतं?"

आता एक बारीकसं. क्यूफील्ड (क्यूजीआयएसच्या फायली शेतात वापरायचं ॲप) मोबाईलवर टाकलंय, रब्बीचे चाळीस बिंदू त्यातच टिपायचेत. आमच्याकडे नाल्यात रेंज नसते. नेट नसताना मागचा उपग्रहाचा फोटो दिसायला काय करावं लागतं? सोमवारी सकाळी सातला निघायचंय.

अक्षांश_रेखांश

तेवढ्या चौदा गावांपुरतं चित्र घरीच जिओटिफ किंवा एमबीटाइल्समध्ये काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, मग नेट लागत नाही. रविवारी रात्री मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून उघडून बघा, नाल्यात उतरल्यावर नको. आणि पॉवर बँक घ्या, जीपीएस दुपारपर्यंत बॅटरी खाऊन टाकतो.