मदत हवी आहे: व्हॅक्यूम पंपाचं रीडिंग वेबपेजवर गोठतंय

नमस्कार मंडळी. आमच्या व्हॅक्यूम फर्नेसला (हवा काढून घेतलेली भट्टी) ड्राय स्क्रू पंप (तेलाविना चालणारा व्हॅक्यूम पंप) आणि त्यावर रूट्स ब्लोअर (व्हॅक्यूम वाढवणारा जोडपंप) आहे. रात्री तिथे कुणी नसतं, म्हणून कंट्रोलरचा आरएस-४८५ पोर्ट (सिरियल डेटा केबलचा जोड) गेटवेला (डेटा नेटवर्कवर पोचवणारं उपकरण) जोडून मॉडबसवरून (औद्योगिक उपकरणांची डेटा देवाणघेवाणीची पद्धत) प्रेशर, मोटरचा करंट, तापमान आणि कूलिंग वॉटरचा फ्लो वेबपेजवर घेतलाय.

परवा रात्री स्क्रीनवर तासभर ०.०५ मिलीबार दिसत राहिलं. ट्रेंडची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ! सकाळी गेजवर पाहिलं तर २ मिलीबार. लीक रात्रीच सुरू झाली होती आणि आम्ही निर्धास्त झोपलो होतो, हे फार लागलंय मनाला. संपर्क तुटला की गेटवे शेवटचं रीडिंगच दाखवत राहतो, असा माझा अंदाज आहे. केबल शिल्डेड आहे, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत, तरी ब्लोअरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वेग घेताना टाइमआउट येतात, म्हणजे उत्तर वेळेत येत नाही. डेटाची आणि व्हीएफडीची केबल एकाच ट्रेमधून जातात, दोष तिथेच असेल का? आणि डेटा शिळा झालाय हे ओळखून अलार्म कसा द्यायचा? पीएलसीमध्ये (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) दर सेकंदाला वाढणारा काउंटर ठेवून तो वेबवर तपासणं पुरेसं आहे का?

दुसरं, वरिष्ठांना आता लांबून पंप चालू-बंदही करायचाय. व्हीपीएन (सुरक्षित नेटवर्क जोडणी) आहे, इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी सुरक्षा) हार्डवायर्ड, म्हणजे थेट वायरने जोडलेले आहेत. पण चेंबर उघडून कुणी आत हात घातलेला असेल तर? माझ्या मते लांबून फक्त ‘बंद’ द्यावं, आणि तेही फर्नेस गरम नसतानाच. तुमच्याकडे लोकल-रिमोट सिलेक्टर स्विच (कंट्रोल जागेवरून की लांबून हे ठरवणारा) कसा वापरता, कृपया सविस्तर सांगा.