सत्तेचाळिसाव्या वर्षी वकिलीचं शिक्षण घ्यावं का? (इंदूर)

लोकमान्यनगर४७

नमस्कार मंडळी. वय ४७, बी.कॉम., इंदूरचाच. बावीस वर्षं पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये काढली, रोजचं अप-डाउन. गेल्या वर्षी मालकांनी ते युनिट दुसऱ्या राज्यात हलवलं. तिकडे चला म्हणाले होते, पण आई ७८ वर्षांची, मुलगी अकरावीत, म्हणून मी नाही म्हटलं. हिशेब मिळाला, त्यातले साडेनऊ लाख बँकेत आहेत. घर वडिलांचं आहे, कर्ज नाही. बायको शाळेत शिकवते, तिच्या पगारात किराणा, वीज आणि मुलीची फी निघते.

चार महिने नोकरी शोधली. जिथे बोलावलं तिथे पगार आधीच्या निम्मा, आणि वय ऐकल्यावर समोरच्याचा सूर बदलतो.

वडील जिल्हा न्यायालयात बाबू होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो आणि व्हरांड्यात बसून पुकार ऐकायचो. पुढे कारखान्यात चेक बाउन्सच्या केसेसचे कागद मीच लावायचो. आमचे वकील म्हणायचे, तुमची फाइल आली की मला काही शोधावं लागत नाही. तेव्हापासून तीन वर्षांचं एलएल.बी. मनात आहे, आणि आता वेळ आलीय असं वाटतंय.

एक एजंट भेटला होता. तो म्हणाला, हजेरीची काळजी करू नका, फक्त परीक्षेला या, बाकी मी बघतो. हे कितपत खरं आहे? पदवी हातात येईल तेव्हा मी ५१चा असेन, त्या वयात ज्युनिअर म्हणून कोणी ठेवतं का? लोक बी.एड. आणि जीएसटीचं कामही सुचवून राहिलेत. ज्यांनी स्वतः केलंय किंवा घरात जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. रात्री झोप लागत नाही.

देवासचा_मी

आधी वयाचं. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलने २०१६ मध्ये तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कमाल ३० वर्षांची अट पुन्हा लावली होती, पण मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यामुळे प्रवेशाला वय आडवं येत नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात, मार्कशीट काढून बघा.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय आणि त्याला ५० टक्के लागतात. पण सरकारी शाळेत जायचं तर भरतीला वयोमर्यादा असते, आणि तुमच्या बाबतीत गाडी तिथे अडेल. तुमच्या पोस्टमध्ये शिकवण्याची ओढ कुठे दिसलीही नाही, म्हणून मी तो पर्याय सोडून दिला असता.

मल्हारगंज_माहेर

दादा, मी ४३व्या वर्षी एलएल.बी.ला बसले. आज ५१ची आहे आणि इंदूरच्याच जिल्हा न्यायालयात वकिली करते. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सविस्तर लिहिते.

त्या एजंटाला परत फोन करू नका. नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे, वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यायचे असतात आणि घरबसल्या केलेल्या एलएल.बी.वर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. २०२४ मध्ये बार कौन्सिलने कॉलेजांना परिपत्रक पाठवलं. विद्यार्थी कुठे नोकरीत असेल तर ते जाहीर करायचं आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यायचं, हेही त्यात आलं. पैसे मोजून घेतलेली हजेरी उद्या सनदेच्या वेळी गळ्यात येऊ शकते. या वयात ती जोखीम आपल्याला परवडत नाही. तुम्हाला नोकरी नाही, म्हणजे दिवसा वर्गात बसायला वेळ आहे. तो वेळ सत्कारणी लावा.

अभ्यासाची भीती मलाही होती. पहिल्या सेमिस्टरला पाठ केलेलं रात्रीतून पुसलं जायचं. मग मी पाठ करणं सोडलं आणि रोज एक उत्तर वेळ लावून हाताने लिहायला लागले. बोटं दुखायची, पण त्यानेच तरले. तुम्हाला एक गोष्ट आमच्यापेक्षा सोपी आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. फसवणूक म्हटलं की आमच्या तोंडी ४२० यायचं, आता ते कलम ३१८ झालंय. खून ३०२चा १०३ झाला. तीस-तीस वर्षं वकिली केलेले सीनिअरही पुस्तक उघडून खात्री करून घेतात. नवा माणूस आणि जुना माणूस इतके जवळ उभे असण्याची वेळ माझ्या पाहण्यात तरी आली नव्हती. फक्त आधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्याच कलमांवर चालू आहेत, म्हणून दोन्ही यावं लागतं.

आता पैशाचं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. सनदेची नोंदणी फी आता जड नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुल्या प्रवर्गाकडून ७५०, अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांच्या वर घेता येणार नाहीत. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, ती मन लावून अभ्यास केलेल्याला निघते. जड आहे ते त्यानंतरचं. मला पहिलं वर्षभर सीनिअरकडून महिन्याला तीन हजार मिळाले, तेही प्रत्येक महिन्याला नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात ज्युनिअरला २० हजार द्यावेत असं सुचवलं खरं, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. म्हणून तुमचा हिशेब तीन वर्षांचा मांडू नका, सहा वर्षांचा मांडा. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही, हे घरी सगळ्यांना आधी सांगा.

५१व्या वर्षी कोण ठेवतं, तर ज्याला तुमचं काम हवंय तो ठेवतो. चेक बाउन्समध्ये तारखांवर केस उभी राहते किंवा पडते. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपले की एका महिन्यात तक्रार. कलम १३८च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या, फाइली तारखेनुसार लावणारा, लेजर वाचणारा ज्युनिअर मिळाला तर सीनिअर वय विचारत नाहीत. माझ्या ऑफिसात एलएल.बी. झालेली हुशार मुलं आहेत, पण बॅलन्सशीट पुढे ठेवली की ती माझ्याकडे बघतात. तुमच्यासाठी तिथे जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. पंधरा दिवस कोर्टात येऊन बसा. सुनावणी उघड्या न्यायालयात होते, मागच्या बाकावर बसायला कोणी अडवत नाही. युक्तिवाद ऐकायला येऊ नका, ताटकळणं बघायला या. चार तास उभं राहायचं आणि शेवटी पुढची पेशी, म्हणजे तारीख, घेऊन परतायचं, पक्षकाराला ते समजावायचं, आणि त्याचा राग आपल्यावर निघाला तरी उद्या परत यायचं. हे पाहून तुमचं मन मागे फिरलं नाही, तर प्रवेश घ्या. आणि हिंदी टायपिंग आजपासून शिका, कृतिदेव (जुना फॉन्ट) आणि युनिकोड दोन्ही पद्धतींनी. इथलं खालच्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं आणि दरखास्त दुसऱ्याकडून टाइप करून घेत बसलं की दिवस जातो.

रामबागकर

ताईंशी सहमत, फक्त घरात पैसा येत राहील असं काही सोबत हवं. बी.कॉम. असल्यामुळे तुम्हाला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव नोंदवता येतं, पोर्टलवर पीसीटी-०१ फॉर्म भरायचा असतो. मी हेच करतो. माझे बहुतेक ग्राहक सियागंजचे किराणा व्यापारी आणि मारोठियाची दोन दुकानं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही विवरणपत्रं भरायची असतात, त्या आठवड्यात डोकं वर काढता येत नाही, बाकी दिवस मोकळे. पाच-सहा छोटे व्यापारी मिळाले तरी तुमच्या पुस्तकांचा आणि पेट्रोलचा खर्च सुटेल, आणि कॉलेजची वेळही सांभाळता येईल. सुरुवात ओळखीतूनच होते. पीथमपूरला तुमच्या कारखान्याला माल देणारे छोटे पुरवठादार तुम्हाला बावीस वर्षं ओळखतात. त्यांना फोन करायला लाजू नका.

अवंतिका

मी वकील नाही. माझ्या नवऱ्याने ४५व्या वर्षी नोकरी सोडून फिजिओथेरपीचा लांबलचक कोर्स करायचं ठरवलं होतं, तेव्हा घर मी चालवलं. तो कोर्स त्यांनी दीड वर्षात सोडला. कोर्स अवघड होता म्हणून नाही. आम्ही पैशाबद्दल एकदाही समोरासमोर बसून बोललो नव्हतो. ते मला विचारायला संकोचायचे आणि मी सांगायला. दर महिन्याला बँकेतला आकडा कमी व्हायचा आणि दोघं गप्प.

दादा, तुम्ही लिहिलंत की वहिनींच्या पगारात घर निघतं. त्यांना काय वाटतं हे मात्र कुठेच लिहिलं नाही. साडेनऊ लाखांपैकी किती मुलीच्या कॉलेजला, किती आईच्या औषधपाण्याला, आणि किती तुमच्या शिक्षणाला, हे दोघांनी वहीत लिहून ठेवा. मुलीलाही बसवा, अकरावीतल्या मुलीला सगळं कळतं. तुमच्या भागाचे पैसे संपले की काय करायचं, तेही त्याच पानावर लिहा.

लोकमान्यनगर४७

सगळ्यांचे मनापासून आभार. अवंतिकाताई, तुमचं वाचून काल रात्री जेवण झाल्यावर वही काढली. बायको म्हणाली, मी केव्हापासून वाट बघत होते तुम्ही कधी विचाराल याची. आईच्या नावाचे दोन लाख आणि मुलीचे साडेतीन बाजूला काढले. माझ्याकडे चार उरतात. आईने तिच्याकडच्या एफडीचं सांगितलं, पण तिला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

रामबागकर, आज दोन पुरवठादारांशी बोललो. एक जण म्हणाला, या महिन्यापासूनच बघा. ते काम होईल. मार्कशीटही काढली, ५३ टक्के आहेत.

एजंटाचा नंबर काढून टाकला. सोमवारपासून पंधरा दिवस कोर्टात. मल्हारगंजच्या ताई, किती वाजता यावं आणि १३८च्या केसेस कुठे चालतात ते सांगाल का?

मल्हारगंज_माहेर

साडेदहाच्या आत या. गेटमधून आत आलात की बोर्डावर रोजची यादी लागलेली असते, त्यात केस नंबरच्या आधी एससीएनआयए लिहिलेलं दिसलं की ते चेक बाउन्सचं. मोबाइल बंद ठेवा, वही आणा आणि पाण्याची बाटली. दुपारी लंचमध्ये मला मेसेज करा, माझ्या सीनिअरशी गाठ घालून देते. वडील कोणत्या साहेबांच्या कोर्टात होते तेही लिहा, सीनिअरना त्या काळातले बाबू नावानिशी आठवतात.