पूलच्या काचेच्या कुंपणावरचे पांढरे डाग निघता निघत नाहीत

वहिनी_काटोलरोड

नमस्कार मंडळी. नागपूरला काटोल रोडवर आमचं छोटं फार्महाऊस आहे. हिवाळ्यात हुरडा आणि उन्हाळ्यात पूल, यासाठी लोक भाड्याने घेतात. पूलभोवती आमच्या यांनी हौसेनं काचेचं कुंपण लावून घेतलं. 12 मिमीची टफन्ड काच, फ्रेम नाही, खाली स्टीलचे स्पिगॉट, म्हणजे काच धरून ठेवणारे आखूड खुंट. फोटोत झकास दिसतं. पुसायची वेळ आली की घरात कोणी सापडत नाही.

काचेवर पांढरे ठिपके पडलेत. थेंब जागीच वाळल्यासारखे, कडेला जाड रिंगण आणि मधे जरा साफ. नखाला खरखर लागतात, पण निघत नाहीत. गुडघ्याच्या खाली जास्त, वर जवळजवळ नाहीतच. आणि पूलच्या बाजूने कमी, लॉनच्या बाजूने जास्त! मला वाटलं क्लोरीनचे असतील, पण मग ते आतून नकोत का? काच पुसायचा निळा स्प्रे मारून झाला. ओली असताना आरशासारखी, वाळली की जैसे थे. पाणी सगळं बोअरचं.

दुसरं म्हणजे, पंपरूमजवळच्या स्पिगॉटवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आलेत. बाकीचे चांगले आहेत. काम करणारा म्हणतो, "मॅडम, 316 ग्रेडचं स्टील आहे, चुंबक लावून बघा." चुंबक खरंच चिकटत नाही. मग डाग कसले?

माळीदादांनी एका काचेला बाथरूमचं ॲसिड लावून पाहिलं. काच उजळली थोडी, पण खालची कोटा फरशी पांढरट पडली ती पडलीच. मेच्या सुट्ट्यांची बुकिंग सुरू व्हायच्या आत हे निस्तरायचंय. काच बदलावी लागेल का?

धंतोलीकर

पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं, स्प्रेच्या बाटलीत. थोडं मुरू द्या, मग पुसा. आमच्या शॉवरच्या काचेला हेच करतो, काही त्रास नाही.

संत्रानगरी_पोट्टा

ॲसिडच बरोबर आहे ताई, फक्त पातळ करून मारा. कोट्यावर गोणपाट टाका आणि विषय संपवा. बाकी दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका, तडकन फुटेल.

काचवाला_इतवारी

वहिनी, काच बदलू नका. माझं इतवारीत काचेचं काम आहे, वडिलांपासून चालत आलेलं. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. गुडघ्याखाली जास्त अन् लॉनच्या बाजूने जास्त, म्हणजे हे पूलचं काम नाही, लॉनच्या स्प्रिंकलरचं आहे. बोअरचं जड पाणी रोज काचेवर उडते, उन्हात मिनिटात वाळते, अन् त्यातला चुना तिथंच बसते. कूलरच्या जाळीवर मे संपता संपता जो पांढरा कडक थर धरते ना, तोच हा माल. निळ्या स्प्रेने त्याला काही होत नाही, तो स्प्रे बोटांच्या तेलकट डागांसाठी असते.

म्हणून आधी स्प्रिंकलरचं तोंड फिरवा. कुंपणालगतच्या पट्ट्याला ठिबक टाकली तं अजूनच बरं. ते न करता पुसत बसाल तं जन्मभर पुसत बसाल. जमलं तं बोअरच्या पाण्याचा कठीणपणा एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत बरं धरलं आहे, अन् दुसरी सोयच नसली तं 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा वरच्या अंगाला असला तं ते पाणी काचेवर वाळूच द्यायचं नाही, मग ते कुठूनही येवो.

आता ॲसिड. पोट्ट्या, रागावू नको, पण हा सल्ला कोणाले देऊ नको. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते चुना खाते हे खरं, पण कोटाही चुनखडकच आहे, म्हणून तर वहिनींचा कोटा गेला. गोणपाट टाकलं तं ते ॲसिड पिऊन घेईन अन् फरशीला चिकटून बसंन, उलट जास्त नुकसान. त्याच्या वाफेनं स्टील खराब होते ते वेगळंच. अन् पूल म्हटला की क्लोरीनचा कॅन जवळच असते. त्या कॅनमधल्या हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघते, माणूस थेट दवाखान्यात.

धंतोलीकर सांगतात ते बरोबर आहे. पण शॉवरची एक काच वेगळी अन् पूलभोवतीचं अख्खं कुंपण वेगळं, इतकं व्हिनेगर कुठं ओतता? किराणा दुकानातून निंबूफूल आणा. सायट्रिक ॲसिडच आहे ते. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास. फक्त हेही कोट्याला लागतेच, म्हणून काचेच्या बुडाशी प्लास्टिकचा कागद टेपने चिकटवा अन् कोटा आधी साध्या पाण्याने भिजवून ठेवा. मग जुनी सुती ओढणी नाहीतर टिश्यू त्या पाण्यात बुडवून काचेवर सरळ चिकटवून टाका. नुसता स्प्रे मारला तं ओघळून जाते, कापडाने ते जागेवर राहते. पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. कापड काढलं की ठिपक्याचं रिंगण बोटाखाली मऊ लागते, पिठासारखं. तेव्हा पांढऱ्या, न ओरखडणाऱ्या नायलॉन पॅडने हलकं फिरवा. भांड्यांची हिरवी घासणी नाही अन् ब्लेड तं अजिबात नाही. टफन्ड काच भट्टीतून निघते तेव्हा तिच्यावर कधी कधी बारीक कण चिकटलेले असतात, ब्लेड ते ओढत नेते अन् लांब ओरखडे पडतात. शेवटी भरपूर पाणी, वरून खाली वायपर, अन् काठ कोरड्या कापडाने. कोट्यावर सांडलंच तं खायच्या सोड्याचं पाणी टाका.

हे सगळं ऊन चढायच्या आत. काच फुटंन म्हणून नाही, टफन्ड काच तापमानाचा फरक साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. पण तापलेल्या काचेवर निंबूफुलाचं पाणी लागल्या लागल्या वाळते अन् नवेच डाग पडतात. टफन्डला भीती असते ती काठावरच्या माराची. खुर्ची सरकवताना लागली, किंवा लॉन कापायच्या मशिनीने खडा उडवला, की पूर्ण काच एकदम दाणे दाणे होऊन खाली. माळीदादांना सांगा, कुंपणाजवळचं गवत कैचीने कापा.

शेवटचं धुणं आरओच्या सोडलेल्या पाण्याने करू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. एसीचं पाणी उत्तम, पण आपल्याकडे मेमध्ये हवाच इतकी कोरडी की एसी टिपूस गाळत नाही. पावसाळ्यात बादल्या भरतात, तेव्हा वापरा. एरवी वायपर नीट मारला की पुरते.

दोन-तीनदा करूनही एखाद्या काचेवर धुरकट राहिलंच, तं तिथं सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, बसली आहे किंवा काच वरून खाल्ली गेली आहे. सिरियम ऑक्साइड (काच घासायची बारीक पावडर) अन् फेल्ट पॅडने पॉलिश होते, पण छोट्या जागेपुरतंच. मोठ्या काचेवर फिरवत बसलं तं काच लहरते, आरपारचं वाकडं दिसते.

अन् चुंबकाची गोष्ट. 304 नावाच्या दुसऱ्या ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून त्याने 316 सिद्ध होत नाही. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मोलिब्डेनम हा धातू असते, क्लोराइडला तेच तोंड देते. दुकानदार एका थेंबाची मोलिब्डेनमची चाचणी करून दाखवू शकते, मागून पाहा. बिलावर ग्रेड लिहिला आहे का तेही पाहा. पण फक्त पंपरूमजवळचेच खराब होऊन राहिले, म्हणजे कारण तिकडेच असंन. क्लोरीनचे कॅन कुठं ठेवता?

वहिनी_काटोलरोड

दादा, तुम्ही न बघता सगळं सांगितलंत! स्प्रिंकलर अगदी कुंपणाला लागून आहे, त्याचा फवारा काचेवरच आपटतो. पंपरूमची खिडकी थेट त्या स्पिगॉटवर उघडते आणि आत कॅन चक्क बिनझाकणाचे. बिलावर नुसतं "एसएस स्पिगॉट" एवढंच, ग्रेडचा पत्ता नाही.

कोपऱ्यातल्या एका काचेला ओढणीचा प्रयोग केला. रिंगण खरंच पिठासारखं सुटलं. ॲसिड लावलेली काच मात्र एका पट्ट्यात धुरकटच आहे, ती लॉनच्या मागच्या कोपऱ्यात हलवता येईल का ते बघतो.

आता दोन गोष्टी. एक जण "नॅनो कोटिंग" करून देतो म्हणतोय, करावं का? आणि गेट हल्ली आपोआप बंद होत नाही, अर्धवट उघडं राहतं.

काचवाला_इतवारी

कोटिंग काच पूर्ण साफ झाल्यावरच, नाहीतर डाग आत बंद होतात. थेंब घसरतात, पुसायला सोपं जाते, इतकाच फायदा. काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागते. स्प्रिंकलर हलवला असंन तं घाई नाही.

स्पिगॉटला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट, मऊ कापड, स्टीलच्या रेषांच्या दिशेने. तारेची घासणी लावली तं लोखंडाचे कण रुततात अन् तेच गंजतात. बुडाशी गोल झाकण असते ते वर उचला, खाली माती अन् क्षारांचा चिखल सापडंन. उघड्या कॅनच्या वाफेनेच हे डाग पडले असतीन, म्हणून कॅन झाकण लावून दुसरीकडे हलवा, अन् हे स्पिगॉट दर आठवड्याला साध्या पाण्याने धुवून पुसा.

ब्रिस्बेनची_माहेरवाशीण

माहेर नागपूरच्या महाल भागातलं, म्हणून वाचत होते. वहिनी, गेटचं आधी बघा, काच राहू द्या. इथे ऑस्ट्रेलियात पूलच्या कुंपणाला नियम आहेत: उंची किमान 1200 मिमी, फटी 100 मिमीपेक्षा जास्त नकोत, गेट पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि सोडलं की आपोआप मिटून कडी लागणारं. आमच्याकडे तपासणीला येणारा माणूस गेट जेमतेम उघडून सोडतो, आणि कडी लागते का बघतो. शिवाय कुंपणाला टेकून कुंड्या किंवा खुर्च्या ठेवू देत नाहीत, मुलं चढतात. तुमच्याकडे पाहुण्यांची लेकरं येणार, म्हणून सांगते.

वहिनी_काटोलरोड

कुंड्या आहेत ना ओळीने! उद्याच हलवते. पण दादा, गेटला काय करू?

काचवाला_इतवारी

बिजागरी स्प्रिंगची असंन तं तिच्या डोक्यावर ताण वाढवायचा स्क्रू असते. थोडा थोडा फिरवायचा, वरच्या-खालच्या दोन्ही बिजागऱ्यांना सारखा. हायड्रॉलिक असंन तं तिचं तेल गेलं आहे का पाहा, बिजागरीखाली काचेवर तेलकट ओघळ दिसते. तसं असलं तं ती दुरुस्त होत नाही, बदलायची. तोपर्यंत गेटला साखळी अन् कुलूप घाला. बिजागरीचा फोटो इथं टाका, कोणती आहे ते सांगतो.