नोंद डिलीट केली तरी पालकांना फोन जातोय: क्लासच्या वेबसाइटवरची माहिती नेमकी कुठून कुठून काढायची?

रेणापूर_वेब

लातूरमधल्या एका नीट-जेईई क्लासची वेबसाइट माझ्याकडे आहे. वर्डप्रेस, शेअर्ड होस्टिंग. चौकशीच्या फॉर्मवर विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, गाव, दहावीचे टक्के, आधार क्रमांक आणि जातीच्या दाखल्याचा फोटो एवढं सगळं मागितलं जातं. मुलं बहुतेक नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडची, दहावी झाल्या झाल्या येणारी, म्हणजे १५-१६ वर्षांची. एका पालकांनी लेखी कळवलंय की मुलीनं प्रवेश घेतला नाही, तिची माहिती काढून टाका. डॅशबोर्डमधली नोंद डिलीट केली, तरी चार दिवसांनी क्लासमधूनच त्यांना परत फोन गेला. नंबर आला कुठून? कायद्यानं क्लासवर काय बंधन आहे, आणि ते आजपासून की पुढे कधीतरी? शिवाय आधीच्या बॅचमधल्या गुणवंतांचे फोटो मार्कांसह साइटवर आहेत, त्यांचं काय करायचं?

मांजराकाठ

आधी नंबर कुठून आला ते बघू. फॉर्म एकदाच भरला जातो, पण त्याच्या प्रती निदान सहा ठिकाणी पडतात: फॉर्म प्लगइनचं टेबल, ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये आलेला सूचनेचा मेल, फॉर्मला जोडलेली गुगल शीट, बल्क एसएमएसवाल्याकडे चढवलेली यादी, समुपदेशकांच्या मोबाइलमधले कॉन्टॅक्ट आणि होस्टिंगचा बॅकअप. तुम्ही फक्त पहिल्या ठिकाणची नोंद काढलीत. फोन करणारी मंडळी काम करतात ते शीटवरून नाहीतर स्वतःच्या मोबाइलवरून.

शोध नावाने घेऊ नका. एकच आडनाव चार स्पेलिंगनी लिहिलेलं असतं. मोबाइलचे दहा आकडे घ्या आणि डेटाबेस पाहायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये सगळ्या टेबलांवर एकदम सर्च लावा. मेलबॉक्समध्ये इनबॉक्सबरोबर सेंट आणि ट्रॅशही तपासा. जीमेलचा ट्रॅश आपोआप रिकामा व्हायला ३० दिवस लागतात. शीटमधली ओळ काढली तरी ती व्हर्जन हिस्टरीत राहते आणि एडिटचा हक्क असलेला कुणीही जुनी आवृत्ती उघडून ती पाहू शकतो. म्हणून ओळ काढून झाल्यावर शीटची नवी प्रत करा, जुनी फाइल ड्राइव्हच्या ट्रॅशमधूनही कायमची काढा आणि प्लगइनला नवी शीट जोडा.

सगळ्यात जास्त चुकतं ते दाखल्याच्या फोटोचं. बऱ्याच प्लगइनमध्ये नोंद काढली तरी अपलोड झालेली फाइल सर्व्हरवर तशीच राहते. फोटो मीडिया लायब्ररीतून गेला असेल तर वर्डप्रेसनं त्याच्या लहानमोठ्या आकाराच्या बऱ्याच प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात. फाइलचा थेट पत्ता इन्कॉग्निटो खिडकीत टाकून बघा. लॉगिन न करता दाखला उघडला, तर तो जगात कुणालाही उघडतोय. फोल्डरची यादी दिसणं सर्व्हरच्या सेटिंग फाइलमधून, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमधून बंद करता येतं, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण यादी लपली तरी ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला फाइल मिळतेच. सर्च इंजिनांना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये त्या फोल्डरला मनाई लिहिणं तर उलट वाईट. ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे दाखले कुठे ठेवलेत ते आपणच सांगून बसतो. असे कागद वेबवर उघड्या असलेल्या पब्लिक एचटीएमएल फोल्डरच्या बाहेर ठेवायचे आणि लॉगिन तपासणाऱ्या स्क्रिप्टमधूनच द्यायचे.

वर्डप्रेसमध्ये ४.९.६ आवृत्तीपासून, म्हणजे मे २०१८ पासून, टूल्सखाली वैयक्तिक डेटा पुसण्याची सोय आहे. तुमच्याकडे तिचा फारसा उपयोग नाही. ती ईमेलवरून माणूस शोधते आणि जे प्लगइन तिच्याशी जोडलेले आहेत त्यांच्याच नोंदी पुसते. आपल्याकडचे पालक फॉर्मवर ईमेल देतच नाहीत.

बॅकअप उघडून त्यातली एक ओळ काढत बसू नका, नको तिथे काहीतरी मोडेल. बॅकअप ३० दिवसांनी आपोआप जाईल असं चक्र लावा आणि पुसलेल्या नोंदींच्या क्रमांकांची यादी वेगळी ठेवा. कधी रिस्टोअर करावं लागलं, तर त्या यादीवरून परत पुसता येतं.

औसा_नाका

कायद्याची बाजू सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाबाबतच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. सूचना, संमती, सुरक्षा, पुसून टाकण्याचा हक्क हा जो भाग तुम्हाला लागतो, त्याला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोवर क्लास मोकळा आहे असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम व्यवसाय करणाऱ्या संस्थेला लागू आहेत, मग ती एकाच मालकाची का असेना. साइटवर गोपनीयता धोरण हवं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क हवा, तक्रार महिन्याच्या आत निकाली काढायला हवी.

नव्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे. तुमचा जवळपास सगळा डेटा मुलांचा आहे, त्यामुळे पडताळून घेता येईल अशी पालकांची संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना सूट आहे, पण ती शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. हजेरी किंवा चाचणीतली प्रगती यांवर लक्ष ठेवणं त्यात बसतं, जाहिरात बसत नाही. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आणि सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे, छोट्या क्लासला थेट तेवढा लागेल असं नाही. पण साइट बनवणाऱ्याकडे किंवा एसएमएसवाल्याकडे बोट दाखवून क्लासला सुटता येणार नाही. माहिती ज्याच्या कामासाठी गोळा झाली, जबाबदारी त्याची. त्यामुळे बल्क एसएमएसवाल्याशी लेखी करार करून घ्या.

आता आधारचं. चौकशीला आधार क्रमांक लागतोच कशाला? उद्देशाला आवश्यक तेवढीच माहिती संमतीत धरली जाते. कायद्यातलंच उदाहरण घ्या: दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपनं फोनमधली कॉन्टॅक्ट यादी मागितली आणि वापरणाऱ्यानं हो म्हटलं, तरी त्या यादीपुरती ती संमती धरली जात नाही. चौकशीला नाव, इयत्ता आणि पालकांचा एक नंबर पुष्कळ झाला. जातीचा दाखला फी सवलतीसाठी लागत असेल, तर प्रवेशाच्या दिवशी पाहून परत द्या.

गोदाकाठची

दोघांनी सांगितलंय त्यात एक मोठी गळती राहिली. त्या साइटवर फेसबुक पिक्सेल, म्हणजे जाहिरातींसाठी माग ठेवणारा कोड, लावलेला आहे का ते तपासा. त्यात ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग चालू असेल, तर फॉर्ममध्ये टाइप केलेला मोबाइल आणि ईमेल हॅश होऊन, म्हणजे सांकेतिक अक्षरांत बदलून, फेसबुकच्या मेटा कंपनीकडे जातो. हॅश केलं म्हणजे लपलं असं नाही. मोबाइल नंबर दहाच आकड्यांचा असतो, सगळे शक्य नंबर संगणकावर चालवून मूळ नंबर काढता येतो. (म्हणून ‘यांना फोन करू नका’ अशी यादी ठेवलीत, तर तिच्यातही नंबर नुसते हॅश करून ठेवणं पुरेसं नाही. ती यादी एकाच माणसाच्या ताब्यात आणि पासवर्डखाली ठेवा.)

दुसरं, फॉर्म गेट पद्धतीनं, म्हणजे भरलेली माहिती पानाच्या पत्त्यातूनच, पाठवला जात असेल, तर ‘धन्यवाद’ पानाच्या पत्त्यातच नाव आणि नंबर येतात. तिथून ते सर्व्हर लॉगमध्ये जातात, अ‍ॅनालिटिक्समध्ये जातात, आणि ऑफिसच्या सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर ब्राउझरच्या हिस्टरीतही पडून राहतात. तपासणी पाच मिनिटांची आहे: इन्कॉग्निटोत साइट उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब चालू ठेवून खोट्या नावानं फॉर्म भरा, आणि तो नंबर कोणकोणत्या पत्त्यावर गेला ते शोधा. माहिती पत्त्यात न येणारी पोस्ट पद्धत लावा, आणि फॉर्मच्या पानावरून पिक्सेल काढूनच टाका.

रेणापूर_वेब

मांजराकाठ दादा, तपासलं. शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी होती, आत्ता बंद केली. दाखले ठेवलेलं ड्राइव्हचं फोल्डर वेगळं तपासावं लागतं का? आणि ताई, पिक्सेल आहे, तेही चालू. गुणवंतांच्या फोटोंचं मात्र अजून कळलं नाही. क्लासवाल्या सरांचं म्हणणं, प्रवेश अर्जावर ‘सर्व अटी मान्य’ अशी सही आहे.

मांजराकाठ

हो, शीटची आणि फोल्डरची परवानगी वेगवेगळी असते. शीट बंद केली म्हणून दाखल्यांचं फोल्डर बंद होत नाही. गुगलच्या निकालात दाखले आले असतील, तर आधी फाइल काढा, मग साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती द्या. नुसती विनंती साधारण सहा महिनेच टिकते. मूळ फाइल जागेवर असेल, तर ती पुन्हा दिसायला लागते.

दाखले खरोखरच बाहेर गेल्याचं दिसलं, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत कळवावं लागतं. हा आदेश एप्रिल २०२२ चा आहे आणि आजही लागू आहे. त्यासाठी लॉग लागतील, ते साफ करून बसू नका.

औसा_नाका

‘सर्व अटी मान्य’ ही फोटोची संमती होत नाही. शिकवणं हा एक उद्देश, जाहिरात हा दुसरा. त्याला वेगळी चौकट हवी, आधीपासून टिक न केलेली, आणि तिथे नाही म्हटलं म्हणून प्रवेश अडता कामा नये. जुन्या बॅचमधली जी मुलं आता १८ पूर्ण झाली आहेत, त्यांना स्वतःला विचारा. उत्तर येईपर्यंत फोटो उतरवून ठेवा. आपल्या भागात निकालाचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात म्हणून हे कुणाला वावगं वाटत नाही, पण फ्लेक्स महिन्याभरात फाटतो आणि साइटवरचे मार्क त्या मुलाच्या नावापुढे वर्षानुवर्षे सापडत राहतात.

सूचना मराठीत लिहा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेचा पर्याय द्यावा असं कायदाच म्हणतो. फॉर्मखाली एवढं पुरे: ‘हा नंबर फक्त प्रवेशाची माहिती देण्यासाठी वापरू. प्रवेश न घेतल्यास ९० दिवसांत पुसून टाकू. आधी पुसायचा असल्यास या नंबरवर "काढा" असा संदेश पाठवा.’ ९० दिवस हा माझा अंदाज आहे, प्रवेशाचा हंगाम तेवढ्यात संपतो. फॉर्म घरबसल्या भरता येतो, तर संमतीही घरबसल्या, एका संदेशानं, मागे घेता आली पाहिजे. त्यासाठी ऑफिसात येऊन अर्ज द्या असं म्हणता येणार नाही.

त्या पालकांना आजच लेखी उत्तर द्या. कुठून कुठून काढलं, बॅकअपमधून कोणत्या तारखेला जाईल, आणि एसएमएसवाल्याला कळवलं की नाही, हे तिन्ही त्यात असू द्या.