रविवारी ११ जणांचं जेवण आणि फिरणं: आर्वीपासून दीड तासाच्या आत कुठे जावं?

आर्वीची_सून
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वीपासून थोडं आत आहे. वेचणी आटोपत आली, नणंद-नंदोई नाशिकवरून आले आहेत आणि ह्यांचे एक मित्र सहकुटुंब येणार आहेत. मोठे सात, लेकरं चार. रविवारी सकाळी निघून दिवेलागणीच्या आत घरी यायचं आहे. बाहेर बसून निवांत जेवण आणि लेकरांना थोडं पळायला जागा, एवढंच पाहिजे. जेवणाचं बजेट ३५०० रुपये, पेट्रोल वेगळं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या नकोत आणि मांडी घालून बसणंही नको. तिघं पक्के शाकाहारी, नंदोईंना मात्र मटणाशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. बायकांसाठी बाथरूम स्वच्छ पाहिजे, आतून कडी लागणारं. शेजारच्या टेबलावर बाटल्या नकोत. कोणी खरंच जाऊन आलं असेल तर सांगा.

तर्रीबाज
ताई, विचार कायचा करून रायल्या? सरळ नागपूर. सावजी पद्धतीचं झणझणीत मटण. नंदोईबापू जन्मभर नाव काढतीन. मी दर महिन्याले जातो. ताटात आधी तर्री पाहाची, मंग मटण. वर बोटभर तेल नसन तर ते सावजी नाही, भाजीचं पाणी होय. खूर मिळाले तर सोडू नका.

आर्वीची_सून
भाऊ, नागपूर दीड तासात होत नाही. आणि तिघं शाकाहारी आहेत, वर लिहिलं आहे.

तर्रीबाज
सावजीवाल्याकडे पाटोडी रस्सा मिळते नं, बेसनाच्या वड्या रश्शात. डाळकांदा मिळते. शाकाहारी उपाशी मरत नाही तिथं. फक्त रुमाल सोबत ठेवा.

हायवेकिंग
नागपूर कायले? तळेगावले हायवेवर चढा अन् अमरावतीकडे लागा, ढाबेच ढाबे. शेवभाजी, पाटोडी, गावरान कोंबडी, सगळं. खाटा टाकलेल्या असतात, लेकरं लोळतात मस्त.

एक सांगतो पण. ऑर्डर देण्याआधी विचारा की एका प्लेटमधी पाटोड्या किती. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही चार फुल प्लेट मागवल्या तं एकेकीत पाचच पाटोड्या, बाकी नुसता रस्सा. मेव्हण्याले वाटलं मी वाढून घेतल्या. अजूनही सासरवाडीत तो विषय निघते. अन् कोंबडी गावरान म्हणून लिहिली असते ते बोर्डावर, ताटात बॉयलर. गावरानले शिजाले वेळ लागते, पंधरा मिनिटांत आली तं समजून घ्या.

पुलगाव_फास्ट
हायवेकिंग भाऊ, बाटल्या नकोत हे वाचलं का? आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. म्हणून रविवारी अर्धा जिल्हा नदीच्या पलीकडे. अमरावती जिल्हा लागला की पहिल्या दोन-चार ढाब्यांवर आपलेच लोक भेटतात, तेही अशा अवस्थेत की ओळख दाखवू की नको. फॅमिली घेऊन जायचं असेल तर दुपारी १२ ला जा आणि ३ च्या आत उठा. चारनंतर तिथं वेगळंच संमेलन भरतं.

हायवेकिंग
फॅमिली सेक्शन वेगळा असते भाऊ.

पुलगाव_फास्ट
फॅमिली सेक्शन म्हणजे मध्ये लावलेला हिरवा पडदा. आवाज पडद्याने थांबतो का?

गुरुजी_निवृत्त
बाहेर जायचे म्हणजे खायचेच, हा समज कधीपासून रूढ झाला? लेकरांना सेवाग्रामला न्या. बापू १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आदि निवास, बापू कुटी सगळे सपाट जागेवर आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही. झाडांची सावली भरपूर. तिथून पवनार जवळ. विनोबांना शेतात खोदताना सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती तिथे आहे, ती मुलांना दाखवा. खाली धाम नदी, १९४८ मध्ये बापूंच्या अस्थी विसर्जित केल्या ती जागा. नदीपात्रात मात्र मुलांना एकटे सोडू नका, खडक शेवाळलेले असतात. जेवण साधे घ्या, तिखट नको. परतताना वर्ध्यातून गोरसपाक (गाईच्या तुपातली बिस्किटे) घ्या. ३५०० रुपयांत उरतील.

आम्ही शाळेची सहल बैलगाडीने नेत असू. कोणी रेस्टॉरंट विचारले नाही.

तर्रीबाज
गुरुजी, नंदोई नाशिकवरून गोरसपाक खाले आले का?

बोरधरण_प्रेमी
बोर धरण सुचवतो. २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सगळ्यात लहानांपैकी. सफारी करा, वाघ दिसला तर लेकरं वर्षभर सांगतील. मला दिसला होता, बछड्यांसह. फोटो हवे असतील तर टाकतो.

आर्वीची_सून
सफारीचा खर्च ११ जणांचा किती होईल आणि जेवणाचं काय?

बोरधरण_प्रेमी
जेवण घरून न्या. हा बघा फोटो. झाडाच्या डाव्या बाजूला, पिवळसर दिसतंय ते.

पुलगाव_फास्ट
ते वाळलेलं गवत आहे.

मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
अरे काय लोक आहात! जानेवारीचे दिवस, शेतात ओली तूर, हरभरा, हुरडा, आणि तुम्ही हॉटेल शोधून रायले? इथे डोंबिवलीत बसून जीव तुटते माझा. डब्बा पार्टी करा! आंब्याखाली सतरंजी टाका, प्रत्येकाने डब्बा आणा, नाहीतर रोडगे लावा. गोवऱ्यांचा विस्तव, वांगे-आलूची भाजी, वरण, वरून तूप. ३५०० मध्ये अख्खं गाव जेवते. इथे एका हॉटेलात झुणका-भाकरीचे ३२० रुपये देऊन आलो मागच्या आठवड्यात, आणि भाकरी गार.

वांग्याची_भाजी
+१ रोडग्यांना. पण नीट करा. कणीक जाडसर दळून आणा, पोळीची कणीक चालत नाही, रोडगा चिवट होतो. मोहन घालून घट्ट भिजवा. एकावर एक तेल लावलेल्या पाऱ्या ठेवून गोळा वळायचा म्हणजे आत पापुद्रे सुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोवऱ्या पूर्ण पेटून ज्वाळ बसल्यावरच रोडगे टाका. लोक धुरातच टाकतात, मग वरून काळे, आतून कच्चे. अधूनमधून उलटवा. भाजले की पोत्यावर घासून राख झटका, मुठीने फोडा आणि गरम असतानाच तूप ओता.

हायवेकिंग
पोत्यावर कशाले, सुती कापडात घेऊन झटका.

वांग्याची_भाजी
कापड जळतं. पोतंच.

हायवेकिंग
आमच्या मायनं जन्मभर कापडातच झटकले.

तर्रीबाज
रोडग्यासोबत सावजी रस्सा लागते. एकदा खाऊन पाहा.

वांग्याची_भाजी
देवाचा नैवेद्य असतो तो भाऊ. कुठे काय बुडवता?

आर्वीची_सून
सगळ्यांना एक विचारते. गोवऱ्या कोण पेटवणार? कणीक कोण भिजवणार? अकरा जणांची वांगी कोण चिरणार? डब्बा पार्टीत डब्बे कोण भरतं? मागच्या वर्षी शेतात पार्टी झाली. पुरुष मंडळी आंब्याखाली पत्ते खेळत होती, मी आणि जाऊ पाहुण्यांचं सगळं होईपर्यंत चुलीजवळून उठलो नाही. आमच्या वाट्याला आले ते गार रोडगे आणि भांड्यांचा ढीग. घरीच स्वयंपाक करायचा असता तर धागा काढला नसता.

मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
ताई, आचारी सांगा ना मग. गावात कोणी असेलच.

तिवसा_मास्तरीण
आचाऱ्याच्याही हाताखाली घरच्याच बायका असतात दादा. 🙂

आर्वीची_सून, मी तळेगाव-अमरावती रस्त्यावर रोज जाणं-येणं करते, म्हणून कामाचं तेवढं सांगते. हॉटेल कुठलंही निवडा, शनिवारी फोन करून ११ जणांचं टेबल सांगून ठेवा. रविवारी एक वाजता न सांगता गेलात तर अर्धे इकडे अर्धे तिकडे बसवतात आणि लेकरांची भाजी आधी, आजीची पोळी नंतर असा घोळ होतो. फोनवरच विचारा की खुर्च्या पाठीच्या आहेत का. काही ढाब्यांवर नुसती बाकडी असतात, गुडघेवाल्यांना उठताना धरायला काही नसतं. बाथरूम बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आधी एक जण जाऊन पाहून यायचं, नसलं चांगलं तर पाणी पिऊन निघायचं, लाज कसली? वाटेत मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमात थांबलात तर आवार मोकळं आहे, आजी निवांत बसतील.

जीएसटीवाला_भाऊ
बजेट काटेकोर आहे म्हणून लिहितो. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी, एसी असो वा नसो. बिलावर जीएसटी नंबर छापलेला नसेल तर तो ५ टक्के लावूच शकत नाही. काही जण कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कर योजना) असतात, त्यांनाही गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेता येत नाही, त्यांच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना आहेत, २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या ग्राह्य धरल्या. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. मी एका ठिकाणी ४२ रुपयांसाठी मॅनेजरला अर्धा तास उभं केलं होतं. सोडले नाहीत.

पुलगाव_फास्ट
आणि तोपर्यंत फॅमिली गाडीत बसून होती का?

जीएसटीवाला_भाऊ
तत्त्वाचा प्रश्न होता.

हायवेकिंग
ढाब्यावर बिलच नसते. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे. काय जीएसटी अन् काय.

गुरुजी_निवृत्त
सेवाग्रामचा विचार झाला का? कोणी काही बोलत नाही.

आर्वीची_सून
गुरुजी, नणंदेने शाळेच्या सहलीत पाहिलं आहे आणि नंदोईंनी गेल्या वेळी. पुढे लेकरांना नक्की नेऊ.

ठरलं आहे. काल सासूबाईंनाच विचारलं, जे मी आधीच करायला पाहिजे होतं असं हे म्हणाले (विचारणार कोण होतं ते सोडा). त्या म्हणाल्या, "रोडगे म्या आयुष्यभर थापले. मले तो लांबच लांब डोसा पायजे, टीव्हीत येते तो." म्हणून अमरावतीला एका डोशाच्या हॉटेलात. कौंडण्यपूरवरून जाणार, रुक्मिणीचं दर्शन वाटेतच होईल, पायऱ्या असतील तर सासूबाई गाडीतून हात जोडतील. जेवण झाल्यावर वडाळीचं बांबू गार्डन. शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे म्हणून बाटल्यांचा प्रश्न मिटला.

तर्रीबाज
डोसा???

मुंबईत_अडकलेला_वऱ्हाडी
ओल्या तुरीच्या दिवसांत डोसा. इथे डोंबिवलीत नाक्यानाक्यावर मिळतो तो. वाईट वाटलं.

हायवेकिंग
नंदोईबापू काय बोलले?

आर्वीची_सून
मटण शनिवारी रात्री घरीच. हे आणि त्यांचे मित्र मिळून करणार आहेत, मी मसाला काढून देणार, बाकी काही नाही.

तिवसा_मास्तरीण
छान. अंबादेवीच्या भागात रविवारी गर्दी असते, दर्शनाला जायचं असेल तर जेवणाआधी उरका. बाहेर गिलावडा मिळाला तर घ्या, पण लेकरांना दही-पाणी जपून.

*(सोमवारी)*

आर्वीची_सून
जाऊन आलो. टेबल फोन करून ठेवलं होतं म्हणून एका रांगेत बसता आलं, त्याबद्दल मास्तरीणबाईंचे आभार. बिल २९४० झालं, आईस्क्रीम धरून. सर्व्हिस चार्ज लावला नव्हता. डोसा ताटाबाहेर दोन्हीकडे आला होता. सासूबाईंनी एका टोकाकडून मोडायला सुरुवात केली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. सांबार मात्र त्यांच्या मते गोड. पिशवीतून लसणाची चटणी काढून त्यांनी त्यात कालवली, वेटर बघत राहिला. मग त्यानेही थोडी मागितली.

वडाळीत लेकरं दमेपर्यंत पळाली. गर्दी बरीच होती, बाकांसाठी वाट पाहावी लागली. शनिवारचं मटण थोडं खारट झालं, पण कोणी बोललं नाही.

तर्रीबाज
खारट झालं तं रश्शात कणकेचा गोळा सोडाचा. पुढच्या वेळी नागपूर.

जीएसटीवाला_भाऊ
२९४० करासह की कराशिवाय? बिलाचा फोटो टाकता येईल का?

बोरधरण_प्रेमी
वडाळीऐवजी बोर केलं असतं तर त्याच पैशांत वाघ झाला असता.

पुलगाव_फास्ट
आमचा २२ जणांचा ग्रुप आहे, पुढच्या महिन्यात, त्यात सहा जण उपवासाचे. धागा वेगळा काढू की इथेच विचारू?

गुरुजी_निवृत्त
इथेच विचारा. सेवाग्राम.